कांद्याला बाजारभाव मिळाला, तर गरिबाने खायचं काय?

विदुला_पुणे
मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेवर वर्गात चर्चा झाली. सरकारने बाजारातून हात काढला तर शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील हे पटतं. पण कांदा ऐंशी रुपये किलो झाला तर धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या मावशींनी काय करायचं? शेती करणाऱ्यांनी सांगावं.

चाळकरी_येवला
विदुला, मी कांदा पिकवतो, कांद्याचंच बोलतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागली तेव्हा आमच्याकडे लाल कांदा निघत होता. माल देशाबाहेर जायचा थांबला की इथला भाव पडतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, लाल राहत नाही. काढला की मार्केटला न्यावाच लागतो, मग लिलावात जो पुकारा होईल तो घ्यायचा. ट्रॉलीत वीस क्विंटल धर. क्विंटलला हजार उतरले की वीस हजार गेले. किसान सन्मानचे वर्षाला ६,००० मिळतात, म्हणजे तीन वर्षांचे पैसे सरकारने एका ट्रॉलीत परत काढून घेतले! ४ मे २०२४ ला बंदी उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावात बाहेर विकायचं नाही) आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून.

तुझ्या मावशींना महागाईत आधार द्यायलाच हवा. त्यांच्या खात्यात थेट पैसे टाका, माझी हरकत नाही. पण ते तिजोरीतून द्या, सगळ्यांच्या करातून. आज मावशींबरोबर बंगलेवाल्यालाही कांदा स्वस्त मिळतो, आणि त्याचा भार एकटा कांदावाला उचलतो. जोशी ‘उणे सबसिडी’ म्हणत, म्हणजे शेतकऱ्याला देण्याऐवजी त्याच्याकडूनच काढून घेणं, ती हीच.

सुनंदा_जालना
दादा, भाव पडला तेव्हा मात्र सरकार लागलंच ना? मार्च २०२३ मध्ये राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलपर्यंत. माझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबली. आमच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. दुष्काळात आमची चूल रोजगार हमीवर पेटली, बाजारावर नाही.

चाळकरी_येवला
सुनंदाताई, रोजगार हमीला माझा विरोध नाही. ती गरिबाला काम आणि पैसा देते, कुणाच्या मालाचा भाव पाडत नाही. मी भांडतो ते भाव पाडण्याशी. अनुदानाचं म्हणाल तर ते मिळवायला विक्रीपट्टी, सातबारावरची पीकनोंद, बँकेचं पासबुक, सगळं गोळा करत फिरायचं. दोन वर्षं भाव बरा मिळाला असता तर पडत्या वर्षापुरती शिल्लक घरातच राहिली असती.

मजुरीचं आमच्याकडचं सांगतो. लागवडीला बायकांची टोळी एकरावर उक्तं, म्हणजे रोजाऐवजी एकरकमी, ठरवते. कांद्याला भाव असला की टोळीची प्रमुख आधीच दर वाढवून मागते, आणि आम्ही देतो, कारण रोप वाळायला लागलेलं असतं. भाव पडलेल्या वर्षी कित्येकांनी लागवडच निम्मी केली, त्या टोळीला नाशिककडे द्राक्षाच्या कामाला जावं लागलं. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही, तुमच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात वेगळं असेल.

विदुला_पुणे
मग सरकारने काहीच करू नये?

चाळकरी_येवला
रस्ते, वीज, शीतगृहं, गरिबाला रोख मदत, हे करावं. आणि बंदी घालायचीच असेल तर रोप टाकायच्या आधी सांगावं. आम्ही त्या वर्षी मका लावू.