अनुभव धागा : आवडता फटका म्यान करताना

जानेवारी २००४, सिडनी कसोटी. त्या मालिकेत तोवर सचिनच्या धावा होत्या ०, १, ३७, ० आणि ४४. ऑफस्टंपबाहेरचा ड्राइव्ह घात करत होता. सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्ह म्यानच केला आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ केल्या. गोलंदाज बाहेर टाकत राहिले, तो सोडत राहिला. स्वतःचा हुकमी फटका इतका वेळ दाबून ठेवायचा, हे मला आजही अफाट वाटतं.

मी वेगवान गोलंदाज होतो. बाविसाव्या वर्षी मणक्याला बारीक भेग गेली आणि ऑफस्पिन शिकायला घेतली. शिवणीवर घासून तर्जनीचं कातडं सोलायचं, आंघोळीच्या पाण्यानेही झोंबायचं. त्याहून जड गेलं ते मार खाणं. आधी षटकार बसला की पुढचा चेंडू आपटून राग काढायचो. आता पुढचा चेंडू आणखी उंच, आणखी हळू सोडायचा. नोकरीत वरिष्ठ अंगावर आले की मला तोच चेंडू आठवायचा.

तुमच्या खेळाने तुम्हाला काय बदलायला लावलं? खेळ कुठलाही चालेल, जरा सविस्तर लिहा.

* * *

आमच्या खो-खोत माती गेली, मॅट आली. मातीवर पाऊल किंचित घसरतं आणि त्या घसरण्यावरच आम्ही वळायचो. मॅटवर बूट धरून ठेवतो. पाऊल थांबतं, अंग पुढे जातं. पहिल्याच आठवड्यात माझा घोटा मुरगळला. पावलं आखूड केली, वळण्याआधी कंबर खाली न्यायला शिकले. त्यात दोन हंगाम गेले. १९७५चा हॉकी विश्वचषक जिंकलेला आपला देश १९७६ला माँट्रियलमध्ये सातवा आला. ऑलिंपिक हॉकी कृत्रिम हिरवळीवर होण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघाला नावं ठेवणाऱ्यांशी मी अजून भांडते.

* * *

माझ्या एका डोळ्याचा पडदा सरकला आणि अंतराचा अंदाजच येईना. बॅडमिंटन राहू द्या, पेल्यात ओतलेलं पाणी बाहेर पडायचं. तांब्याचा काठ पेल्याला टेकवून ओतायला शिकलो. मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा जुलै १९६१च्या मोटार अपघातात निकामी झाला. त्याच डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले, एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले, सहा कसोटी शतकं केली. मी नेटजवळचा खेळ सोडला. दुहेरीत जोडीदार पुढे, मी मागे. गेल्या रविवारी सलग तीन गेम खेळलो.

* * *

मी बदललो नाही, म्हणून लिहितोय. अंगावर उसळलेला आखूड चेंडू मागे लेगला मारायचा हूक ही माझी ओळख होती आणि मी सतत फाइन लेगला झेल द्यायचो. प्रशिक्षकांनी दोन वर्षं समजावलं, मी ऐकलं नाही. तिसऱ्या हंगामात माझ्या जागी आलेला मुलगा आखूड चेंडूला मनगटं खाली टाकून, नजर न हटवता मान मागे घ्यायचा. चेंडू हनुवटीवरून निघून जायचा. त्याने दिवसभर फलंदाजी केली. मी सीमारेषेवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होतो.