अंतिम सामना शतकवीर जिंकून देतात, हा गैरसमज कधी संपणार?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

आमच्या सोसायटीच्या गटावर परवा एका सद्गृहस्थांनी विश्वचषकातील शतकवीरांची लांबलचक यादी टाकली आणि तिच्याखाली परस्पर निकालही देऊन टाकला: "ज्या संघाकडे शतके ठोकणारे जास्त, तोच जेता, बाकीचे मैदानात पाणी पाजायला असतात." तिथे उत्तर दिले असते तर पाण्याच्या टँकरचा विषय मागे पडला असता आणि सचिवांनी मला धारेवर धरले असते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

२०१९ च्या विश्वचषकात रोहित शर्माने पाच शतके केली. एकाच स्पर्धेत इतकी शतके त्यापूर्वी कोणीही केली नव्हती. उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध २४० धावांचा पाठलाग करताना रोहित, राहुल आणि कोहली तिघेही प्रत्येकी एक धाव करून परतले आणि आपण १८ धावांनी हरलो. २०२३ मध्ये क्विंटन डी कॉकने चार शतके केली, पण उपांत्य सामन्यात तो तीन धावांवर बाद झाला. त्याच सामन्यात डेव्हिड मिलरने पडझडीतून उभे राहून १०१ धावा केल्या, तरीही दक्षिण आफ्रिका हरलीच. आणि हे सगळे सोडून द्या, २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर काय झाले? शतक दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वुल्फार्टचे, चषक हरमनप्रीतच्या हातात. त्या सामन्यात आपल्याकडून शफालीच्या ८७ धावा सर्वाधिक होत्या. दीप्तीने ५८ धावा आणि ३९ धावांत पाच बळी अशी कामगिरी केली, आणि तिचे नाव या यादीत कुठेच नाही, कारण यादीला शंभराच्या खालचे काही दिसतच नाही.

जुईनगर अप

कोपरीकर, आपण सोयीचे सामने वेचून काढले आहेत, म्हणून मी गैरसोयीचे मांडतो. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत शतक करणारे सात जण: १९७५ मध्ये लॉइड १०२, १९७९ मध्ये रिचर्ड्स नाबाद १३८, १९९६ मध्ये अरविंद डिसिल्वा नाबाद १०७, २००३ मध्ये पाँटिंग नाबाद १४०, २००७ मध्ये गिलख्रिस्ट १४९, २०११ मध्ये जयवर्धने नाबाद १०३ आणि २०२३ मध्ये हेड १३७. यांपैकी एकट्या जयवर्धनेचा संघ हरला. सातांपैकी सहा! याला गैरसमज म्हणायचे असेल तर मग समज कशाला म्हणायचे, ते आपणच सांगा. २०२३ च्या अंतिम सामन्याची, १९ नोव्हेंबरची ती रात्र मी अजून विसरलेलो नाही. आपल्याकडच्या २४० धावांत एकही शतक नव्हते, राहुलच्या ६६ धावांना १०७ चेंडू लागले आणि समोरून एका हेडने सामना उचलून नेला.

कळव्याचा मध्यमगती

आपण दोघेही फलंदाजांचीच आरती ओवाळत आहात, म्हणून मध्ये बोलतो. डिसिल्वाने त्याच अंतिम सामन्यात तीन बळी घेतले होते आणि दोन झेलही टिपले होते, हे कोणी लिहिले नाही. वानखेडेवर २०२३ च्या उपांत्य सामन्यात कोहलीचे पन्नासावे शतक झाले, श्रेयसचेही झाले, आपण ३९७ धावा केल्या. तरीही न्यूझीलंडचे मिचेल आणि विल्यमसन खेळत होते तोवर स्टेडियमातल्या लोकांचे चेहरे उतरले होते. तो सामना शमीच्या ५७ धावांतील सात बळींनी वाचवला. सामन्याचा मानकरी त्यालाच ठरवले, हे एक नशीबच म्हणायचे.

शिवाय शतके स्वस्त कशी झाली, त्याचाही विचार करावा. दोन्ही टोकांकडून दोन नवे चेंडू देण्याची पद्धत २०११ पासून सुरू झाली आणि चेंडू जुना होऊन उलटा स्विंग होण्याची सोयच गेली. जेमतेम पंचवीसच षटके वापरलेला चेंडू म्हणजे फलंदाजाला दिलेला आहेर आहे. अखेर २०२५ मध्ये पुरुषांच्या सामन्यांसाठी चौतीस षटकांनंतर एकच चेंडू ठेवण्याचा नियम आला. चौदा वर्षांनी जाग आली! तोवर गोलंदाजांच्या एका पिढीचे खांदे निखळले.

ऐरोलीची वसुधा

वादात पडण्याची इच्छा नव्हती, पण ३० ऑक्टोबरला महिला विश्वचषकाच्या भारत-ऑस्ट्रेलिया उपांत्य सामन्याला मी त्या नेरुळच्या मैदानात होते, म्हणून लिहिते. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या, त्यात लिचफिल्डचे शतक होते. दोन डावांच्या मधल्या वेळेत माझ्या पुढच्या रांगेतले एक काका ठाण्याची गाडी गर्दीआधी पकडावी म्हणून उठून गेले होते. जेमिमाचे शतक पूर्ण झाले तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो पण तिने मात्र बॅट उंचावलीच नाही. तिने जोडीदाराच्या ग्लोव्हला ग्लोव्ह लावला, खाली वाकून खेळपट्टीवर काहीतरी थोपटले आणि पुन्हा उभी राहिली. माझ्या शेजारची शाळकरी मुलगी आईला विचारत होती की, शंभर झाले ना, मग ती हसत का नाही? तिच्या आईने उत्तर देण्याऐवजी फलकाकडे बोट दाखवले.

ती १२७ वर नाबाद राहिली, आपण सामना नऊ चेंडू राखून जिंकला आणि मगच ती रडली. या शतकाला तुमच्या यादीत एक ओळ आणि लिचफिल्डच्या शतकालाही एकच ओळ, एवढीच माझी तक्रार आहे.

जुईनगर अप

वसुधाताई, आपण माझ्याच बाजूने बोललात याची आपल्याला कल्पना आहे ना? जेमिमाचे शतक नसते तर अंतिम सामनाच नसता. शफालीला ८७ धावा करायला मैदान कोणी मिळवून दिले?

तलावपाळीचा तिसरा पंच

शतक महत्त्वाचे की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. ते कोणत्या वेळी, कोणासाठी आणि किती चेंडूंत झाले, हा खरा प्रश्न. २०२३ च्या विश्वचषकात पुण्यात बांगलादेशविरुद्ध कोहली ९७ वर असताना लेगला गेलेला चेंडू पंचांनी वाइड दिला नाही, राहुलने एकेरी धावा नाकारल्या आणि षटकार मारून शतक पुरे झाले. सामना केव्हाच खिशात होता, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही.

परंतु २०१२ चा आशिया चषक आठवा. गंभीरने एक, कोहलीने दोन आणि सचिनने एक, अशी तीन सामन्यांत आपली चार शतके झाली. कोहलीने तर पाकिस्तानविरुद्ध १८३ धावा केल्या. तरीही आपण अंतिम फेरीत पोहोचलो नाही. कारण १६ मार्चला मीरपूरला सचिनच्या शंभराव्या शतकाच्या दिवशी, त्याने १४७ चेंडूंत ११४ धावा केल्या असताना, २८९ धावांचा डोंगर बांगलादेशने चार चेंडू राखून पार केला. गुण समान झाले आणि आपसातल्या लढतीच्या निकषावर बांगलादेश पुढे गेला. ज्या शतकाची देशभर वर्षभर वाट पाहिली, त्याच सामन्याने आपल्याला स्पर्धेबाहेर काढले.

जुईनगर अप

आता मात्र हद्द झाली. २८९ धावा राखता आल्या नाहीत, हा दोष शतक करणाऱ्याचा? कळव्याचे मध्यमगती आता कुठे गेले? गोलंदाजांच्या खांद्यांवर इतकी कळकळ दाखवणाऱ्यांनी त्या दिवशीच्या गोलंदाजीचेही दोन शब्दांत वर्णन करावे. सचिनवर चिखलफेक करून स्वतःला निष्पक्ष म्हणवून घेण्याची ही जुनी ठाणेकर खोड आहे.

तलावपाळीचा तिसरा पंच

यात ठाणे कुठून आले? चिखलफेक कोणी केली? मी चेंडू मोजले. कोणताही सामान्य फलंदाज पाटा खेळपट्टीवर १४७ चेंडूंत ११४ धावा करून परतला असता, तर आपणच इथे त्याची सालटी काढली असती. नावाप्रमाणे न्याय बदलणार असेल, तर निदान तसे स्पष्ट लिहा.

कळव्याचा मध्यमगती

मला हाक मारली म्हणून येतो. त्या दिवशीची गोलंदाजी वाईटच होती, ती मी नाकारत नाही. पण नव्वदीत गेलेला फलंदाज समोरच्याला स्ट्राइक देत नाही, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये पॅड बांधून बसलेल्यांच्या मनात काय चालते, हे मी जवळून पाहिले आहे. कळव्याच्या मैदानावर आमच्या संघाचा सलामीवीर ९४ वर होता, दोन षटके उरली होती आणि त्याने चार वेळा अर्ध्यातून जोडीदाराला परत पाठवले. त्याचे शतक झाले, त्याच्या वडिलांनी पेढे आणले आणि आम्ही तो सामना तीन धावांनी हरलो. समोरच्या संघाच्या डावातले शेवटचे षटक मीच टाकले होते, त्यामुळे पेढा घशाखाली उतरला नाही.

जुईनगर अप

म्हणजे आपणच धावा दिल्यात आणि शिव्या सलामीवीराला. सगळे प्रकरण आता लख्ख समजले.

खारकर आळी

मी माझ्या मुलाला तीन वर्षे शिबिरात नेत आहे, तेव्हा एका बापाची बाजूही ऐका. आपण शतकाला नावे ठेवता, पण निवड चाचणीच्या कागदावर मुलाचे शतक लिहिले जाते. "चाळीस धावा केल्या, पण मोक्याच्या वेळी केल्या" असा रकानाच त्यात नसतो. मी कुंपणापाशी वही घेऊन बसतो आणि मुलाची धाव न् धाव टिपतो. लोक हसतात, हसू द्या. अठ्ठ्याण्णवावर धावचीत झालेल्या मुलाला परतीच्या वाटेवर कुल्फी खाऊ घालून गप्प करावे लागते, हे यादीवर टीका करणाऱ्यांनी कधीतरी करून पाहावे.

ऐरोलीची वसुधा

आपला राग रकान्यावर हवा, शतकावर किंवा टीकाकारांवर नको. मला एवढेच कळते की, जो कागद चाळीस धावांची वेळ लिहीत नाही, तो अंतिम सामन्यात अमनजोतने दक्षिण आफ्रिकेच्या ब्रिट्सला थेट फेकीवर धावचीत केले, हेही लिहीत नाही. वुल्फार्ट १०१ वर असताना तिचा उडालेला झेल अमनजोतच्या हातातून दोनदा निसटून तिसऱ्यांदा स्थिरावला, तो क्षण दूरचित्रवाणीवर पाहताना माझ्या घरात कोणीही श्वास घेतला नव्हता. तो झेल सुटला असता, तर आज जुईनगर अप यांच्या यादीत वुल्फार्टचे नाव विजेत्यांच्या रांगेत असते, आणि तिच्या फलंदाजीत तसूभरही फरक पडलेला नसता.

जुईनगर अप

हे मात्र मानावे लागेल, आणि मनाविरुद्ध मानतो. तरीही माझ्या सातांपैकी सहांचे उत्तर कोणीही दिलेले नाही.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

देतो. आपल्या सहांपैकी पहिल्या पाचांत शतक करणाऱ्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्याला गोलंदाजीनेही दाबून धरले होते की नाही, ते तपासा. १९७९ मध्ये इंग्लंडची दोन बाद १८३ वरून सर्वबाद १९४ अशी दाणादाण उडाली, त्यात गार्नरचे पाच बळी होते. १९८३ मध्ये आपण १८३ धावांत आटोपलो, कोणाचे अर्धशतकही नव्हते, आणि २६ धावा व १२ धावांत तीन बळी असलेला मोहिंदर सामन्याचा मानकरी ठरला. २०११ मध्ये गंभीर ९७ वर बाद झाला आणि धोनी ९१ वर नाबाद राहिला. आपल्या यादीच्या लेखी तो विजय शतकाविनाच झालेला आहे.

मी इतके मान्य करतो की, पाच बाद १७ अशा अवस्थेत टनब्रिज वेल्सला कपिलने नाबाद १७५ केल्या नसत्या, तर १९८३ चा अंतिम सामना आपल्याला रेडिओवरच ऐकावा लागला असता, आणि तोही दुसऱ्याच संघाचा.

जुईनगर अप

वा, चाळीस ओळींनंतर एक शतक आपल्यालाही आवडले. आता हे सगळे आपल्या सोसायटीच्या गटावर टाका, टँकर येण्याआधी.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

टँकर आज आलाच नाही, त्यामुळे तिथे क्रिकेटवर बोलण्याची सोय राहिलेली नाही.