स्ट्रोकनंतर लॅपटॉपवरचा सराव: बाबांचा स्कोअर वाढतोय, ताटातली डावी बाजू तशीच. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांसाठी विचारतेय. वय ६४, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर, आम्ही काळाचौकीला राहतो. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक आला. आता चालतात, बोलणं स्वच्छ आहे, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना ठणठणीत वाटतात.

पण जेवताना ताटात डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर, लिंबू रोज तसंच राहतं. आईला वाटलं, तोंडाला चव नाही. ताट फिरवून दिलं की तेच आवडीने खातात! डोळे ठीक आहेत, मेंदूच डावीकडे लक्ष देत नाही, असं ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) मॅडमनी समजावलं. शिवाय धावत्या बसमध्ये आयुष्यभर सुट्ट्या पैशांचा हिशेब केलेला माणूस दूधवाल्याकडून किती परत घ्यायचे यावर अडतो. बघवत नाही.

मॅडमनी दिलेला लॅपटॉपवरचा सराव दोन महिने चालू आहे. पडद्यावर विखुरलेली चित्रं शोधायची, आकडे लक्षात ठेवून उलटे सांगायचे. रोज २० मिनिटं. त्यापुढे थकतात, चिडतात. चौथ्या लेव्हलवरून अकराव्या लेव्हलला पोचलेत. कोशिंबीर मात्र अजून ताटातच.

एका गोष्टीने फरक पडला. पडद्याच्या डाव्या कडेला मॅडमनी लाल पट्टी लावायला सांगितली होती: आधी पट्टी शोधायची, मग उजवीकडे यायचं. तीच पट्टी पेपरच्या कडेला लावली, तर पूर्वी ओळीची सुरुवात गाळणारे बाबा अख्खी ओळ वाचतात. मग खरा उपयोग खेळाचा की त्या सवयीचा?

नातेवाईक मोबाइलवरची ब्रेन ट्रेनिंग ॲप्स सुचवतात. पण स्ट्रोकनंतरही फायदा होतो असे दावे पुराव्याशिवाय केले म्हणून ल्युमॉसिटी या अशाच ॲपच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले होते, हे वाचल्यापासून पैसे भरायला हात धजत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी पडद्यावरची सुधारणा स्वयंपाकघरात, बाजारात उतरली का? किती महिन्यांनी? हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये किंवा केईएमच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात कुणी असा सराव घेतला आहे का? आणि मराठीत सूचना देणारं काही मिळतं का? इंग्रजी सूचना वाचेपर्यंत वेळ संपतो आणि बाबांची चूक मोजली जाते.

उद्यापासून ताटात डावीकडे लाल वाटी ठेवून बघणार आहे. कुणी असं केलं असेल तर जरूर लिहा.