महिना 180 युनिटच्या घराला 3 किलोवॅट सोलर कशाला?

मीटररीडिंग:
'पीएम सूर्यघर' या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेचं 78,000 रुपये अनुदान पूर्ण पदरात पडावं म्हणून लहान खपाच्या घरांवरही सर्रास 3 किलोवॅट चढवलं जातंय. माझा याला विरोध आहे. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना 30-30 हजार आणि तिसऱ्याला फक्त 18 हजार आहे. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटचा जास्त भार आपल्याच खिशावर.

आपल्याकडे 1 किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1,400 युनिट धरा. 2 किलोवॅटचे झाले 2,800 आणि 180 युनिटवाल्या घराचा वर्षाचा खप 2,160. तिसऱ्याचे 1,400 युनिट सरळ ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात जाणार आणि आपल्या खात्यात शिल्लक म्हणून जमा होणार. 31 मार्चला शिल्लक युनिटांचा हिशेब होतो, ती घरगुती दराच्या मानाने अगदी कमी भावाने विकत घेतली जातात आणि एप्रिलला खातं शून्यावर येतं. स्थिर आकार तर बिल कितीही उतरलं तरी भरावाच लागतो.

उन्हाळी:
वर्षाची बेरीज मांडून हा प्रश्न सुटत नाही, कारण तुम्ही म्हणता तसं खातं एप्रिलमध्येच कोरं होतं. एप्रिल-मे मध्ये पंखे, कूलर, एसी सुरू, त्यामुळे साठा फारसा होत नाही. लगेच जून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर आलं तर 2 किलोवॅटला महिना 120-140 युनिटच मिळतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची शिल्लक त्या वेळी कामाला येत नाही, ती मार्चअखेर गेलेली असते. 3 किलोवॅट असेल तर पावसाळाही निभावतो.

शिवाय खप आहे तिथे राहत नाही. गॅसऐवजी रोजचा स्वयंपाक इंडक्शनवर नेला की महिना 60-70 युनिट वाढतात. इलेक्ट्रिक स्कूटर रोज 30 किलोमीटर चालवली तर आणखी तीसेक.

मीटररीडिंग:
पावसाळ्याचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष चूक. तूट पडते 40-60 युनिटांची, आणि ती बिलात 0 ते 100 च्या टप्प्यात बसते. तो सगळ्यात स्वस्त टप्पा. 101 ते 300 चा दर त्याच्या दुपटीच्या घरात जातो. सोलरने वाचवायचा तो हा महाग टप्पा, आणि तो 2 किलोवॅटमध्येच पुसला जातो. दोन-तीन महिन्यांच्या स्वस्त युनिटांसाठी तिसऱ्या किलोवॅटचे पैसे घालणं मला पटत नाही.

उन्हाळी:
मग इंडक्शन घेतल्यावर काय? नंतर दोन पॅनल वाढवायचे तर स्ट्रक्चर पुन्हा, मजुरी पुन्हा, नेट मीटरची (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) क्षमता बदलायचा अर्ज पुन्हा. आणि तोवर 540 वॅटचं तेच मॉडेल बाजारात नसतं. एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलांच्या रांगेत, कमी करंटचं पॅनल जोडलं की सगळी रांग त्याच्या करंटवर उतरते.

जोडारी:
तुम्ही दोघंही कागदावर भांडताय. गच्चीवर चढून बघा. 540 वॅटचं पॅनल साधारण 2.28 मीटर बाय 1.13 मीटर, वजन 28 किलोच्या आसपास. 3 किलोवॅटला अशी सहा लागतात. सहावं पॅनल बऱ्याचदा पाण्याच्या टाकीच्या सावलीत ढकललं जातं. बायपास डायोडमुळे त्या पॅनलचा सावलीतला भाग वगळला जातो, पण पैसे पूर्ण पॅनलचे मोजलेले असतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावली लांब पडते. मे महिन्यात पाहणी करून मोकळी वाटलेली जागा तेव्हा मोकळी नसते.

दुसरं, केबल. 3 किलोवॅट भर दुपारी 13 अँपियर ग्रिडकडे ढकलतं. इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) गच्चीवर, मीटर खाली, अंतर 30 मीटर आणि तार 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल तर इन्व्हर्टरपाशी जवळपास 6 व्होल्ट वाढतात. 6 चौरस मिलिमीटरची टाकली तर अडीचच्या आत राहतं. गावात लाइनच्या शेवटच्या घरी दुपारी व्होल्टेज आधीच 250 च्या पुढे असतं. त्यात हे 6 मिळाले की इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद पडतो, तेही ऐन 12 ते 2 मध्ये. लोक पॅनलला दोष देतात. आधी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचा एरर बघावा, मग मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजावं. फरक मोठा आला तर तार बदलायची. दोन्हीकडे जास्त आलं तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज उतरवण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज द्यायचा.

खारं वारं:
किनाऱ्यावर आणखी एक. उंच स्ट्रक्चरखाली गच्ची मोकळी राहते म्हणून ते सगळ्यांना हवं असतं, पण पॅनलखाली शिरलेला वारा ते वर उचलतो. 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते लक्षात ठेवून उंची कमी ठेवा. हॉट-डिप गॅल्व्हनाइझ्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) पाइप आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्टच मागा. साध्या पाइपला वेल्डिंग करून वरून चंदेरी रंग दिला असेल तर सांध्यापासून गंज धरतो. तेव्हा सहा पॅनलच्या रकमेत कच्चं स्ट्रक्चर मिळणार असेल तर चारच लावा आणि उरलेला पैसा लोखंडात घाला.

उन्हाळी:
केबल आणि स्ट्रक्चर मान्य, पण तो कामाच्या दर्जाचा प्रश्न झाला. नीट काम केलेलं 3 किलोवॅट मला अजूनही योग्य वाटतं.

मीटररीडिंग:
इंडक्शन किंवा स्कूटर वर्षभरात नक्की येणार असेल तर घ्या, माझी हरकत नाही. नसेल तर मागच्या 12 बिलांतली युनिटं एप्रिल ते मार्च अशी मांडा, त्याखाली 2 किलोवॅटचं महिनावार उत्पादन लिहा आणि दर महिन्याची शिल्लक पुढे ओढत न्या. विक्रेत्याला बोलावण्याआधी हा कागद हातात असू द्या.