मांजरांची सर्दी आणि अँटिबायोटिक: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, शिंकणारी, डोळे चिकटलेली पिल्लं सध्या घरोघरी दिसताहेत. या सर्दीच्या मुळाशी बहुतेकदा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू असतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी डॉक्टर कधी ते देतात, कधी थांबतात. तुमच्याकडे काय झालं ते सविस्तर लिहा. डोस मात्र इथे कोणी विचारू नका, सांगूही नका.

ठाणे : बोक्याचं नाक पाण्यासारखं वाहत होतं, पण ताप नाही, खाणं-खेळणं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाल्या, "दहा दिवसांपर्यंत वाट बघू." बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत त्याला घेऊन बसायचे. गोळीविना बरा झाला.

कोल्हापूर : आमच्या माऊचा शेंबूड हिरवा झाला, अंग तापलं, जेवण बंद. विषाणूच्या पाठोपाठ जिवाणूंनीही घर केलं होतं. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं. ही गोळी कोरडी देऊ नका! मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकते, तिथे जखम होते, पुढे नळी आकसते. मी गोळीमागे लगेच बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने पाच-सहा मिली पाणी हळूहळू सोडायचे. दुधाबरोबर तर नकोच, औषध नीट शोषलं जात नाही. आणि नाक चोंदलं की वास येत नाही, वास नाही तर मांजर तोंड लावत नाही. कोंबडीचं अळणी पाणी कोमट करून पुढे ठेवलं, तेव्हा कुठे चाटायला लागली.

पुणे : आमच्याकडे शिंका कमी, पण एक डोळा लालबुंद, सुजलेला, मग दुसराही. निदान क्लॅमिडिया या जिवाणूचं. गोळ्या चार आठवडे, त्याही घरातल्या सगळ्या मांजरांना. डोळे लवकर निवळले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे की गं." पण कोर्स पूर्ण केला.

मालवण : ताप आला म्हणून माणसांचं पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

नाशिक : हर्पिस अंगात आयुष्यभर दडून राहतो. घर बदललं आणि त्या ताणाने आमचीच्या शिंका परत सुरू झाल्या. आता मी आधी बघते, खातेय का, ताप आहे का. दोन्ही ठीक असेल तर अँटिबायोटिक मागत नाही. लसीने आजार टळतोच असं नाही, पण जोर कमी होतो, म्हणून ती चुकवत नाही.