प्रतिसाद: उंची वाढली नाही म्हणून फोर्टिफाइड खाणं फुकट गेलं?

वर एकांनी म्हटलंय की फोर्टिफाइड (म्हणजे लोहासारखी पोषक द्रव्यं मुद्दाम मिसळलेलं) खाणं देऊनही बाळाची उंची वाढली नाही, म्हणजे उपयोग शून्य. मला नाही पटत हे. लोह मुळात रक्तासाठी आणि मेंदूसाठी हवं असतं, जन्मतःचा साठा साधारण ६ महिन्यांत संपत येतो आणि आईच्या दुधात ते अगदी थोडं, म्हणून तर जिथे अ‍ॅनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं) जास्त आहे तिथे ६ ते २३ महिन्यांच्या बाळांच्या खाण्यात मिसळायची पावडर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सुचवतं, लोह, झिंक, व्हिटॅमिन ए वाली. त्याने अ‍ॅनिमिया कमी होतो, उंचीत मात्र फारसा फरक दिसत नाही. उंचीसाठी पुरेसं खाणं, प्रोटीन लागतं, आणि सारखे जुलाब होत असतील तर खाल्लेलं अंगी लागतच नाही (हे फार विसरलं जातं). प्लीज, नुसती उंची बघून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन तपासून घ्या.