प्रतिसाद: माझा प्रवास, स्मृतिचित्रे, रणांगण

तुम्ही वाचलेल्या मराठी पुस्तकांची यादी, त्यावरच्या शेऱ्यांसह, आवडली. पण गोडसे भटजींचे 'माझा प्रवास', म्हणजे १८५७च्या बंडाच्या धामधुमीतले त्यांचे प्रवासवर्णन, 'कृत्रिम भाषेत लिहिलेले' वाटले, असे म्हटले आहे, तिथे आधी प्रत कोणती ते पाहायला हवे. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलेल्या प्रतीत मूळ मजकुरावर बराच संपादकीय हात फिरला आहे. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ची. तिची वाक्ये लांब, विरामचिन्हे विरळ. पहिली दहा-पंधरा पाने मोठ्याने वाचली की लय सापडते. तोच खरा गोडसे. मुखपृष्ठावर भुलू नका, प्रस्तावनेत कोणती संहिता घेतली आहे ते तपासा. शिवाय हे लेखन १८८३चे, म्हणजे झाशीच्या वेढ्यानंतर पंचवीस वर्षांनी आठवून केलेले. तिथी आणि आकडे यांवर भिस्त ठेवू नये. वेढ्यातल्या शहराचे वर्णन मात्र अनमोल आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा शेवट 'वेगळ्याच हाताचा' वाटला, हे निरीक्षण अगदी बरोबर! लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या आणि अखेरचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केला. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण ती घेऊ नका. काटछाटीत लक्ष्मीबाईंचे मिस्कील फाटे आधी जातात, आणि पुस्तकाचा जीव त्यांतच आहे.

विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' (१९३९) तुकड्यांत वाचल्यामुळे विस्कळीत वाटले असावे. छोटी कादंबरी आहे, बहुतेक सगळी बोटीवरच्या थोड्या दिवसांत घडते. एका बैठकीत, फार तर दोन बैठकांत पुन्हा वाचून पाहा. नायिका हॅर्टाची पत्रे तेव्हाच खरी अंगावर येतात.